कोळशाची वीज, तापीचे पाणी आणि आपला सातबारा



लोणखेड्यात, शहाद्यात किंवा तापीकाठच्या सारंगखेडा-प्रकाशाला दोन शेतकरी पारावर भेटले की पाऊसपाण्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. ‘या आठवड्याला लाइन दिवसाची का रातची?’ रातची असली की केळीला, पपईला, उसाला पाणी भरायला बॅटरी घेऊन निघायचे. साप-विंचवाची भीती असते, आता तर बिबट्याचीही. डीपी जळाली तर आठ-आठ दिवस लाइनमनची वाट पाहायची. हे सगळे आपल्या अंगवळणी पडले आहे.

पण ही लाइन येते कुठून, तिच्यासाठी काय जळते, कोणाचे पाणी लागते आणि कोणाची जमीन जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ‘वीज बोर्ड देते’ एवढ्यावर विषय संपतो. २०२४ पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ केले. त्यामुळे तर बिलाचा कागद पाहण्याचेही कारण उरले नाही. तरी विजेची किंमत शून्य होत नाही, ती कोणीतरी कुठेतरी भरत असतोच. कधी ती आपल्याच शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने भरलेली असते. म्हणून आज कोळशाच्या विजेबद्दल चार गोष्टी मांडतो. वाचताना शेतकऱ्याने आपला सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी आपले ठराव बुक डोळ्यांसमोर ठेवावे, कारण शेवटी गोष्ट तिथेच येणार आहे.

बॉयलर आपल्या ओळखीचा आहे

औष्णिक वीज केंद्र म्हणजे फार अवघड काही नाही. पुरुषोत्तमनगरच्या आपल्या सातपुडा साखर कारखान्याचे बॉयलर अनेकांनी पाहिले असेल. तिथे उसाचे चिपाड जळते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर यंत्रे चालतात. औष्णिक केंद्रात चिपाडाच्या जागी पिठासारखा दळलेला कोळसा जळतो. वाफेच्या जोरावर टर्बाइनची पाती फिरतात आणि त्या फिरण्यातून जनित्रात वीज तयार होते. पुढे ही वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात आणि ते पाणी परत बॉयलरमध्ये सोडतात. असा हा फेरा अखंड चालतो.

कोळसा जाळून गावाला वीज पुरवणारी पहिली केंद्रे १८८२ साली लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. १८८४ साली इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्स यांनी वाफेचे टर्बाइन बनवले आणि या धंद्याचे रूप पालटले. आपल्या देशात १८९९ साली कोलकात्यात कोळशाचे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्राची सुरुवात मात्र पाण्याच्या विजेने झाली. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ चे. पुढे मागणी वाढली. धरणाची वीज पावसावर अवलंबून, आणि कोळसा विदर्भात भरपूर. म्हणून १९६० साली वीज मंडळ स्थापन झाल्यावर कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, नाशिकजवळचे एकलहरे आणि चंद्रपूर अशी एकामागून एक औष्णिक केंद्रे उभी राहिली किंवा वाढली.

आपल्या खानदेशाच्या वाट्याला आले भुसावळजवळचे दीपनगर. तिथला पहिला संच १९६८ चा, जेमतेम ६२.५ मेगावॅटचा. १९७९ आणि १९८२ ला २१० मेगावॅटचे दोन संच आले. २०१२ नंतर ५००-५०० मेगावॅटचे दोन जोडले गेले आणि त्यानंतर ६६० मेगावॅटचा नवा संचही तिथेच उभा राहिला. पलीकडे गुजरातेत सोनगढ तालुक्यात उकाईचे औष्णिक केंद्र १९७० च्या दशकापासून आहे. म्हणजे वरच्या अंगाला दीपनगर, खालच्या अंगाला उकाई आणि मधे आपण. दोघांनाही पाणी लागते ते तापीचेच.

नवे संच जुन्यापेक्षा चांगले आहेत, हे मान्य केले पाहिजे. जुन्या संचात शंभर भाग उष्णतेतून ३३ ते ३५ भागांची वीज होई. नव्या ‘सुपरक्रिटिकल’ संचात वाफेचा दाब आणि उष्णता इतकी वाढवतात की पाणी आणि वाफ हा भेदच राहत नाही. त्यातून सुमारे ४० भाग हाती लागतात आणि तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. तरीही साठ भाग वाया जातातच. त्यातला काही धुराड्यातून जातो, पण मोठा भाग वाफ थंड करण्यात जातो. औष्णिक केंद्राला पाणी लागते ते मुख्यतः या कामाला.

रात्रीची लाइन का?

इथेच आपल्या पारावरच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोळशाचा बॉयलर म्हणजे घरची चूल नव्हे, की वाटले तेव्हा पेटवली आणि वाटले तेव्हा विझवली. थंड पडलेला संच पुन्हा चालू करायला कित्येक तास लागतात आणि त्यात महागडे तेल जळते. म्हणून तो रात्रंदिवस चालवावा लागतो. रात्री कारखाने, कचेऱ्या, दुकाने यांची मागणी उतरते, पण वीज तर तयार होतच असते. दिवसा सगळ्यांनाच द्यायची म्हटले तर ती पुरत नाही. मग शेतीपंपांना पाळी लावली गेली, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. आपल्या अंधारातल्या पाणीभरणीचे एक मोठे कारण म्हणजे कोळशाच्या विजेचा हा स्वभाव.

हे सांगतो म्हणून कोळशाला शिव्या देऊन चालणार नाही. आजही देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के वीज कोळशाची आहे. ती उद्या बंद करा म्हणणाऱ्याने आपली मोटार आधी बंद करावी. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि तो आपण मांडून बघितला पाहिजे.

एका मोटारीचा हिशेब

पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली तर साधारण ३० युनिट वीज खाते. आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीनुसार एका युनिटाला सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे तुमच्या एका दिवसाच्या भरणीसाठी कुठेतरी सुमारे २० किलो कोळसा जळाला. भारतीय कोळशात राख फार, शेकडा ३० ते ४५. म्हणजे सहा ते नऊ किलो राख पडली. डिसेंबर २०१५ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे जुन्या केंद्रांना एका युनिटामागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरता येते. त्या मापाने शंभर लिटरभर पाणी गेले.

शंभर लिटर ऐकून कोणी म्हणेल, ‘एवढेच ना?’ एका मोटारीपुरते एवढेच. पण केंद्र एका मोटारीसाठी चालत नाही. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर सुमारे आठ हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीच्या दोन रेक. साडेतीन लिटरच्या मापाने पाणी चार कोटी लिटरच्या वर जाते आणि राख अडीच-तीन हजार टन पडते. हे सगळे रोज, एकाच गावाच्या शिवारात आणि एकाच नदीच्या पात्रातून. एप्रिल-मेमध्ये नदी आटली तरी संचाची गरज आटत नाही.

बीड जिल्ह्यातल्या परळीने हे दाखवून दिले. दुष्काळात धरणे कोरडी पडली आणि २०१३ साली परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली. यंत्रे जागेवर होती, पण पाणीच नव्हते. पिण्याच्या पाण्याला पहिला मान, हे बरोबरच. पण नदीवर असा एक मोठा धनी आला की टंचाईच्या वर्षी शेतीचे आवर्तन सर्वांत आधी मार खाते, हे आपण विसरू नये.

दोंडाईच्याचा धडा

आता आपल्या दारातली गोष्ट. सारंगखेड्याचा पूल ओलांडला की दोंडाईचा. तिथे शिंदखेडा तालुक्यातल्या विखरण-मेथी शिवारात ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प योजला होता. ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे दीपनगरपेक्षाही मोठे काम. नव्या संचांना युनिटामागे तीन लिटरची मर्यादा आहे. त्या मापाने, आणि प्रकल्प वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालला असे धरले, तर वर्षाला सुमारे सात कोटी घनमीटर पाणी लागले असते. एक हेक्टर उसाला वर्षाला वीस हजार घनमीटर पाणी धरा. मग हे पाणी सुमारे साडेतीन हजार हेक्टर उसाचे होते. नजर अर्थातच तापीवर गेली असती.

तो प्रकल्प झाला नाही. कोळशाचा बेत मागे पडला आणि त्याच जमिनीवर सौर विजेची योजना पुढे आली. पण जमिनी मात्र घेऊन झाल्या होत्या. विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन त्यात गेली. मोबदला मिळाला सुमारे चार लाख रुपये. बागायत, विहीर, आंब्याची झाडे यांचा नीट हिशेब धरला नाही आणि इतरांना कितीतरी जास्त रक्कम मिळाली, अशी त्यांची तक्रार होती. तालुक्यापासून मुंबईपर्यंत त्यांनी खेटे घातले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारी यंत्रणा हलली आणि फेरमूल्यांकन झाले. माणूस गेल्यावर.

बंधूंनो, हे दुःख कोणाच्याही वाट्याला येऊ नये. न्याय मागण्यासाठी जीव देणे हा मार्ग नव्हे. घरातला कर्ता असा निराश दिसला तर त्याला एकटे सोडू नका. पण या घटनेतून एक गोष्ट पक्की शिकायची. त्या शिवारात कोळसा जळलाच नाही, धूर निघाला नाही, राख पडली नाही. तरी शेतकरी उद्ध्वस्त झाला, तो जमिनीच्या आणि झाडांच्या हिशेबापायी. प्रकल्प कोळशाचा असो, सूर्याचा असो की रस्त्याचा, शेतकऱ्याची पहिली गाठ पडते ती कागदाशी.

कागद आजच नीट करा

१८९४ चा जुना भूसंपादन कायदा गेला. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू आहे. तो बराच बरा आहे. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन पटीचा गुणक आहे, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. पण हा फायदा पुरावा असलेल्यालाच मिळतो. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१) पीकपाहणी स्वतः नोंदवा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर करता येते. तुमच्या शेतात केळी उभी आणि सातबाऱ्यावर ‘पडीक’ किंवा ‘कोरडवाहू कापूस’ असेल, तर मोजणीच्या दिवशी सातबाराच खरा धरला जाईल.

२) विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक, बांधावरची आंबा-चिंच-सागाची झाडे, यांची नोंद करून घ्या. ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे आणि वीज जोडणीची कागदपत्रे फेकू नका. बागायत असल्याचा तोच पुरावा.

३) खरेदीखतात रक्कम कमी दाखवू नका. मुद्रांक शुल्काचे चार पैसे वाचवायला आपण तसे करतो. नव्या कायद्यात बाजारभाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतली परिसरातली खरेदीखते पाहतात. एकाने वाचवलेले चार पैसे साऱ्या गावाचा भाव पाडतात.

४) प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत घेता येते. गावात दवंडी झाली, चावडीवर नोटीस लागली की वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

५) संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. झाडे मोजताना सोबत मोजा. पंचनाम्याची प्रत वाचल्याशिवाय सही करू नका. झाडांचे आणि पिकांचे मूल्य काढायला जाणकाराची मदत घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागा.

६) मोबदला पटत नसेल तर पैसे घेताना ‘हरकत राखून’ असे लेखी नोंदवा आणि मुदतीत दाद मागा. थेट खरेदीचे खत करून देत असाल तर आधी वकिलाला दाखवा. एकदा राजीखुशीने सही झाली की वाढीव मागणे फार कठीण.

७) दलालापासून सावध राहा. प्रकल्पाची कुणकुण लागताच बाहेरचे लोक स्वस्तात जमिनी घ्यायला फिरू लागतात. अशा वेळी घाईने विकू नका.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि आम्ही कृषी खात्याची माणसे, या सगळ्यांची जबाबदारी इथे मोठी आहे. आपल्या जिल्ह्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव हे तालुके पूर्ण आणि शहादा व नंदुरबार तालुक्यांतली कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा आहे आणि २०१३ च्या कायद्यानेही भूसंपादनाला ग्रामसभेची पूर्वसंमती सांगितली आहे. ग्रामसभा कागदावर उरकून घेऊ नका. कोरम भरवा, विषय लोकांच्या भाषेत सांगा, मग तो ठराव अहिराणीत समजावून सांगा की पावरीत. पाणी कुठून घेणार, राख कुठे टाकणार, मजुरांचे काय, हे तीन प्रश्न ठरावात लिहून घ्या. सातबारा नसलेल्या शेतमजुराचे नाव मोबदल्याच्या यादीत सहजासहजी येत नाही. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीनेच बोलले पाहिजे.

राखेचे काय करावे?

राख हा शाप आहे तसा उपयोगही आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. दीपनगरची राख वर्षानुवर्षे वेल्हाळ्याच्या राख तलावात साठवली गेली. वाऱ्याने उडालेली राख पानांवर बसली की पानांना पुरेसे ऊन मिळत नाही, त्यांची रंध्रे बुजतात. कापसाच्या बोंडावर बसली की प्रत घसरते.

दुसरी बाजू विटांची. विटाभट्ट्यांसाठी आपण शेतातली वरची सुपीक माती विकतो. एक वीतभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि ती एका हंगामात भट्टीत जाते. ही माती वाचावी म्हणूनच केंद्राने १९९९ साली राखेच्या वापराची अधिसूचना काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर केंद्रांवर सगळी राख वापरात आणण्याचे बंधन घातले. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत, भाव परवडत असेल तर, राखेच्या विटा वापराव्यात असा नियम आहे. शहाद्यापासून दीपनगर या अंतरात येते. ग्रामपंचायतीच्या कामांना, घरकुलांना अशा विटा वापरल्या तर गावची माती गावातच राहील.

मात्र एक इशारा. ‘फुकट राख शेतात टाका, जमीन भुसभुशीत होते’ असे कोणी सांगितले तर लगेच ट्रॉली लावू नका. राख सहसा विम्लधर्मी असते आणि तिच्यात बोरॉनसारखे क्षार असतात. आम्लधर्मी जमिनीला तिचा उपयोग होऊ शकतो. आपली तापीकाठची काळी जमीन आधीच विम्लधर्मी, काही ठिकाणी क्षारपड झालेली. माती परीक्षण करून सल्ला घेतल्याशिवाय राख टाकू नये.

सूर्याकडे पाहताना

दिवसा लाइन हवी असेल तर ती द्यायला सूर्य आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन विकायची नसते, भाड्याने द्यायची असते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ, असे ठरले आहे. सहभागी ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. खडकाळ, पडीक जमीन असेल तर विचार करण्यासारखे आहे. पण बारमाही बागायत जमीन त्यात अडकवू नका. केळी-पपईचे उत्पन्न आणि भाडे समोरासमोर मांडा. करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून मुलांनाही विचारा. गावची गायरान जमीन द्यायची असेल तर गुरे कुठे चरतील, हे आधी ठरवा.

कोळशाची केंद्रे आणखी बरीच वर्षे चालतील. त्यांची वीज आपण वापरू आणि वापरलीच पाहिजे. पण आपल्या गरजेपुरती. मोटारीला कपॅसिटर बसवा, पाटाने मोकाट पाणी सोडण्याऐवजी ठिबक वापरा, ऑटो-स्विच लावून रात्रभर वाहू देऊ नका. वाचलेले युनिट म्हणजे वाचलेला कोळसा, वाचलेली राख आणि तापीत राहिलेले पाणी.

येत्या आठवड्यात एक काम जरूर करा. आपला ताजा सातबारा काढा आणि शेतात उभे राहून वाचा. जे शेतात आहे ते कागदावर आहे का, ते पाहा. फरक दिसला तर तलाठी कार्यालय गाठा. आमच्याकडे आलात तर पीकपाहणी कशी भरायची ते दाखवायला आम्ही बसलोच आहोत.